पोलिसांना दिसतात ते ‘रूममेट’: समलिंगी जोडप्यातली मारहाण, गुन्हा आणि जामीन

रात्री साडेअकराला शेजाऱ्यांनी ११२ ला फोन केलेला असतो. दार उघडलं तर समोर बीट मार्शल. आत एकाच्या भुवईतून रक्त येतंय, दुसऱ्याचा शर्ट फाटलाय. पोलीस विचारतात, ‘तुम्ही एकमेकांचे कोण?’ आणि आत्तापर्यंत एकमेकांवर ओरडत असलेले दोघंही एका सुरात सांगतात, ‘रूममेट.’

हे उत्तर देणाऱ्याला मी दोष देणार नाही. दारात खाकी उभी असताना कुणालाही तेच सुचेल. पण त्याची किंमत माहीत असावी. ‘एकत्र राहणाऱ्या दोन इसमांमध्ये किरकोळ वाद’ अशी एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) नोंदवली जाते आणि दोन वर्षं चाललेली मारहाण, काढून घेतलेला पगार, ‘तुझ्या घरी सांगेन’च्या धमक्या हे सगळं कागदाबाहेर राहतं. पुढे जामिनाच्या सुनावणीत न्यायाधीशांसमोर तोच कागद असतो.

हा लेख मार खाणाऱ्यासाठी आहे आणि ज्याच्यावर तक्रार झाली त्याच्यासाठीही. समलिंगी जोडप्यांत या दोन माणसांची अदलाबदल फार सहज होते. नवरा-बायकोच्या भांडणात कुणाकडे संशयाने बघायचं याचा पोलिसांचा ठरलेला आडाखा असतो. इथे तो चालत नाही. मग दोघांनाही गाडीत बसवतात, नाहीतर जो अंगाने धिप्पाड त्याला. आणि स्वतःला सोडवताना मारणाऱ्याच्या हातावर नखांचे ओरखडे उठले असतील, तर ‘जखमी’ म्हणून तोच पुढे येतो.

पुढची सगळी माहिती महाराष्ट्रातली आणि १ जुलै २०२४ नंतरच्या घटनांसाठी आहे. त्या दिवसापासून भारतीय न्याय संहिता (गुन्हे आणि शिक्षा) आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता (तपास, अटक, जामीन) लागू झाल्या. त्याआधीच्या घटनेला जुन्या भारतीय दंड विधानाची (भादंवि) कलमं लागतात.

आधी, काय लागू होत नाही

‘घरगुती हिंसाचाराची केस’ हा शब्द सगळेच वापरतात, म्हणून इथून सुरुवात.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा २००५ चा कायदा पुरुषाला तक्रारदार मानत नाही. म्हणजे दोन पुरुषांच्या जोडप्याला तो नाहीच. दोन स्त्रियांचं काय? २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कायद्यातले ‘प्रौढ पुरुष’ हे शब्द रद्द केले, त्यामुळे स्त्रीविरुद्धही अर्ज करता येतो. पण अर्जदार आणि समोरची व्यक्ती यांचं नातं रक्ताचं, लग्नाचं, दत्तकाचं, एकत्र कुटुंबाचं किंवा ‘लग्नासारखं’ असावं लागतं. २०१३ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी जोडीदारांचं नातं या व्याख्येत बसत नाही असं स्पष्ट लिहिलं आहे. १७ ऑक्टोबर २०२३ च्या सुप्रियो निकालात समलिंगी विवाहाला मान्यता मिळाली नाही, तेव्हा लग्नाच्या बाजूचं दारही बंदच राहिलं.

क्रूरतेचं कलम, म्हणजे जुनं ४९८-अ आणि आताचं ८५, हे नवरा आणि त्याच्या नातेवाइकांपुरतंच. तेही इथे लागत नाही.

दोन अपवाद लक्षात ठेवा. बाप किंवा भाऊ मारत असेल, कोंडून ठेवत असेल, तर लेस्बियन मुलगी २००५ च्या कायद्याखाली त्यांच्याविरुद्ध अर्ज करू शकते, कारण ते नातं रक्ताचं आहे. आणि लिंगबदल शस्त्रक्रिया केलेली ट्रान्स स्त्री या कायद्याखाली दाद मागू शकते, असं मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये म्हटलं आहे.

मग गुन्हा कोणता?

तोच, जो दोन अनोळखी माणसांत मारामारी झाली तर लागतो. कायद्याला तुमचं नातं दिसत नाही, पण जखम दिसते. या कोरडेपणाचा एक फायदाही आहे. यातल्या बऱ्याच कलमांत जामीन हक्काने मिळतो.

साधी दुखापत असेल तर कलम ११५(२). शिक्षा एक वर्षापर्यंत, गुन्हा अदखलपात्र आणि जामीनपात्र. पोलीस एनसी लिहून घेतात आणि न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास करू शकत नाहीत. हाड मोडलं, दात पडला तर गंभीर दुखापत, कलम ११७(२), सात वर्षांपर्यंत. हे दखलपात्र असूनही जामीनपात्र आहे, आणि हे पुष्कळ लोकांना माहीत नसतं. कोंडून ठेवणं १२७ मध्ये येतं, तेही बहुतेक वेळा जामीनपात्र. धमकी ३५१ मध्ये.

चित्र बदलतं ते हत्याराने. सुरी, तापलेली इस्त्री, फुटलेली बाटली आली की ११८(१), आणि नव्या संहितेत ते अजामीनपात्र आहे. हत्याराने गंभीर दुखापत केली तर ११८(२). जिवावर बेतलं तर १०९, खुनाचा प्रयत्न, आणि खटला सत्र न्यायालयात. ‘पैसे दे, नाहीतर ऑफिसात सांगतो’ ही खंडणी आहे, कलम ३०८. कायद्यात ‘इजा’ म्हणजे अब्रूची इजाही येते, त्यामुळे नातं उघड करण्याची धमकी देऊन पैसे उकळणं हा सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा अजामीनपात्र गुन्हा ठरू शकतो. दोन स्त्रियांच्या प्रकरणात विनयभंगाचं कलम ७४ लावलेलं दिसू शकतं. त्यात ‘जो कोणी’ अशी भाषा आहे, म्हणून स्त्रीही आरोपी होऊ शकते, आणि ते अजामीनपात्र आहे.

एक मोठं भगदाडही आहे. २०१८ मध्ये प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध भादंविच्या कलम ३७७ मधून बाहेर काढले गेले तेव्हा बळजबरीचा भाग शाबूत ठेवला होता. नव्या संहितेत ते कलम घेतलंच नाही. बलात्काराचं कलम फक्त स्त्री पीडितेसाठी आहे. म्हणजे प्रौढ पुरुषावर त्याच्या पुरुष जोडीदाराने बळजबरी केली, तर आज दुखापत, डांबणं, धमकी याच कलमांवर भागवावं लागतं. तरीही फिर्यादीत जे घडलं ते घडलं तसंच, लाज न धरता लिहून घ्या. कलम सौम्य असलं तरी मजकूर गंभीर असेल तर जामिनाच्या वेळी त्याचं वजन पडतं.

मार बसला असेल तर त्या रात्री

आधी सरकारी रुग्णालय. ‘एमएलसी (पोलीस प्रकरणासाठीची वैद्यकीय नोंद) करा’ एवढंच सांगा. डॉक्टर जखमेची जागा, माप, रंग लिहितात आणि पोलिसांना कळवतात. ‘कसं लागलं?’ या प्रश्नाला ‘बाथरूममध्ये घसरलो’ असं उत्तर दिलंत तर ते कायमचं तिथे राहील. जोडीदार म्हणायचं नसेल तर ‘माझ्यासोबत राहणाऱ्या अमुक व्यक्तीने मारलं’ म्हणा. ते खरं असतं आणि त्यात जास्तीचं काही उघडही होत नाही.

पोलीस ठाण्यात नातं सांगायचं की नाही? माझं मत असं: घटना पूर्ण सांगा, नात्याला हवं ते नाव द्या, पण काळ सांगा. ‘आम्ही मार्च २०२२ पासून एका घरात राहतो, घरखर्च एकत्र आहे, याआधी चार वेळा मारहाण झाली, शेवटची दिवाळीत.’ ‘समलिंगी’ हा शब्द यात एकदाही नाही, तरी हा एका रात्रीचा वाद नाही हे वाचणाऱ्याला कळतं. नातं उघड सांगायलाही हरकत नाही. संमतीचं नातं गुन्हा नाही, आणि फौजदार काहीही म्हणाला तरी त्यावरून तुमच्यावर कारवाई होऊ शकत नाही.

दखलपात्र गुन्हा असून फिर्याद घेत नसतील तर पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तालयाकडे लेखी अर्ज, आणि तिथेही ढकलाढकली झाली तर न्यायदंडाधिकारी. हा क्रम कलम १७३(४) मध्येच आहे. हद्दीचा वाद घातला तर ‘झिरो एफआयआर घ्या’ म्हणा, म्हणजे हद्द कुठलीही असो, फिर्याद इथेच नोंदवा. चॅट, फोटो, ऑडिओ मूळ फोनमध्येच ठेवा. कोर्टात द्यायची वेळ आली की साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं आणि मूळ साधन हाताशी असलेलं बरं.

तक्रार तुमच्यावर झाली असेल तर

फोन आला, ‘साहेबांनी बोलावलंय.’ पहिलं काम म्हणजे कलमं विचारणं. एफआयआर दाखल असेल तर तिची प्रत राज्य पोलिसांच्या संकेतस्थळावर मिळू शकते. संवेदनशील गुन्ह्यांच्या मात्र टाकत नाहीत.

सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करायची नाही, हे २०१४ च्या अर्नेश कुमार निकालाने ठरवून दिलं. अटक गरजेची नसेल तर पोलिसांनी कलम ३५(३) ची नोटीस द्यावी, तुम्ही हजर राहावं. नोटीस मिळाली की तारीख चुकवू नका. आजारी असाल तर लेखी कळवा, पोच घ्या. नोटीस पाळणाऱ्याला अटक करायची तर पोलिसांना कारणं लिहावी लागतात. तारीख चुकवणाऱ्याने ते कारण स्वतःच लिहून दिलेलं असतं.

फोनमधलं काहीही पुसू नका. डेटिंग ॲप, फोटो, चॅट बघून पोलीस हसतील, ही भीती खरी आहे. पण पुसलेला चॅट ‘पुरावा नष्ट केला’ या आरोपाला आमंत्रण देतो, आणि जामिनाला विरोध करायला सरकारी वकिलांना यापेक्षा सोपा मुद्दा मिळत नाही. शिवाय तुमच्या बाजूचा पुरावाही त्याच चॅटमध्ये असतो. फोन जप्त केला तर पंचनाम्यात आयएमईआय क्रमांकासह नोंद झाली का, एवढं बघा.

आता अटकेबद्दल. यातली एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते.

अटक झाल्यावर पोलीस म्हणतात, ‘वडिलांचा नंबर दे.’ कायदा तसं म्हणत नाही. कलम ४८ म्हणतं, अटक झालेल्याने सांगितलेल्या नातेवाइकाला, मित्राला किंवा इतर व्यक्तीला कळवावं. निवड तुमची आहे. ज्यांच्यापासून नातं लपवलंय त्या आईवडिलांना मध्यरात्री पोलीस ठाण्यातून फोन जाण्यापेक्षा मैत्रिणीला गेलेला बरा. म्हणून एका भरवशाच्या माणसाचा नंबर आजच पाठ करा. फोन हातातून गेला की आपल्याला एकही नंबर आठवत नाही, हे तेव्हाच कळतं.

अटकेची कारणं तुम्हाला समजेल अशा भाषेत लेखी मिळाली पाहिजेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा नियम सगळ्या गुन्ह्यांना लागू असल्याचं सांगितलं, आणि लगेच देणं शक्य नसेल तर निदान रिमांडच्या (कोठडी ठरवण्यासाठी कोर्टापुढे उभं करण्याच्या) दोन तास आधी ती हातात हवीत. चौकशीदरम्यान वकिलाला भेटता येतं. स्त्रीला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करायची तर प्रसंग अपवादात्मक हवा, महिला अधिकारी हवी आणि न्यायदंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी हवी. प्रवास सोडून २४ तासांच्या आत कोर्टापुढे उभं करावंच लागतं.

वैद्यकीय तपासणीत डॉक्टरांना तुमच्या अंगावरच्या खुणा दाखवा. तुम्ही आधी मार खाल्ला असेल तर त्याची नोंद व्हायची ही कदाचित एकमेव संधी असते. एआरटीच्या (एचआयव्हीवरच्या उपचाराच्या) किंवा हार्मोनच्या गोळ्या चालू असतील तर डोस चुकू देऊ नका. डॉक्टरांना एकांतात सांगा, वकिलाला कोर्टापुढे अर्ज द्यायला सांगा. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानुसार कोठडीतल्या माणसाला उपचाराचा हक्क आहे, आणि तुमची स्थिती संमतीशिवाय चारचौघांत उघड करायला मनाई आहे.

वकील नसेल तर १५१०० हा विधी सेवा प्राधिकरणाचा क्रमांक. स्त्रियांना आणि कोठडीतल्या कुणालाही मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो.

जामीन: कागद, घर, माणूस

जामीनपात्र गुन्ह्यात पोलीस ठाण्यातच जामीन मिळतो. ही मेहेरबानी नाही, कलम ४७८ चा हक्क आहे. जामीनदार मिळत नसेल आणि आठवडा उलटला तर कायदा तुम्हाला गरीब मानून जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्याच हमीवर, सोडायला सांगतो. ‘सकाळी साहेब आल्यावर बघू’ असं उत्तर आलं तर वकिलामार्फत लेखी मागणी करा.

पोलिसांकडे आणखी एक रस्ता असतो. गुन्हा किरकोळ आहे, पण दोघं पुन्हा भिडतील असं वाटलं तर कलम १७० खाली प्रतिबंधात्मक अटक, आणि १२६ खाली ‘चॅप्टर केस’. ती कार्यकारी दंडाधिकाऱ्यांपुढे चालते आणि शांतता राखण्याचा बाँड मागितला जातो. यात कुणी ‘दोषी’ ठरत नाही.

अजामीनपात्र गुन्ह्यात पहिल्या रिमांडला पोलीस कोठडी मागितली जाते. हत्यार हस्तगत करायचंय, हे नेहमीचं कारण. न्यायालयीन कोठडी झाली की जामीन अर्ज चालतो: न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे कलम ४८०, सत्र किंवा उच्च न्यायालयात ४८३. अर्जदार स्त्री, आजारी किंवा अशक्त असेल तर ४८० मध्ये वेगळी सवलत आहे. साठ दिवसांत, मोठ्या शिक्षेच्या गुन्ह्यात नव्वद दिवसांत, दोषारोपपत्र आलं नाही तर जामीन हक्काने मिळतो. पण त्यासाठी अर्ज करावा लागतो, आणि दोषारोपपत्र येण्याआधी करावा लागतो.

कोर्ट बघतं ते साधं असतं. पळून जाईल का? साक्षीदाराला धमकावेल का? पुन्हा मारेल का? तिसऱ्या प्रश्नावर समलिंगी जोडप्याची गाडी अडते, कारण दोघं एकाच घरात राहतात आणि जाणार कुठे याचं उत्तर अर्जात नसतं. ते अर्जातच द्या. वेगळा पत्ता, तिथे राहू देणाऱ्या माणसाचं प्रतिज्ञापत्र, नोकरीचं पत्र. लिव्ह अँड लायसन्स करार कुणाच्या नावावर आहे, हेही बघा. तुमच्या नावावर असला तरी मी म्हणेन, खटला मार्गी लागेपर्यंत तुम्हीच बाहेर राहण्याची तयारी दाखवा. भाडं भरत राहाल, हक्क जात नाही. पण फिर्यादी राहतो त्याच घरी परत जाण्याचा हट्ट धरला तर जामीन हमखास लटकतो.

अर्जात नातं लिहायचं की नाही, हे तुम्ही ठरवा, वकिलाने परस्पर नाही. फिर्यादीत ते आलेलं असेल तर लपवण्यात अर्थ नाही. आलेलं नसेल तर ‘फिर्यादी आणि अर्जदार एकत्र राहत होते’ पुरेसं आहे. समोरच्याचं नातं चव्हाट्यावर आणून त्याला तक्रार मागे घ्यायला लावू, असा सल्ला कुणी दिला तर वकील बदला. ते अनैतिक आहेच, वर साक्षीदारावर दबाव म्हणून जामीन रद्द व्हायला पुरेसं आहे.

आता जामीनदार. समलिंगी माणसाचा जामीन मंजूर होऊनही बाहेर पडणं लांबतं ते इथे. वर्षानुवर्षं घराशी बोलणं नाही, आणि कोर्टाचा कारकून विचारतो, ‘घरचं कोण आलंय?’ घरचं कुणी असण्याची कायद्यात अट नाही. मित्र, सहकारी, शेजारीण, कुणीही चालतं. ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, पगाराची स्लिप किंवा सातबारा, घरपट्टीची पावती, काही कोर्टांत तहसीलदाराचा सॉल्व्हन्सी (ऐपतीचा) दाखला. आपण आधी किती जणांना जामीन राहिलो हेही जामीनदाराने जाहीर करावं लागतं. ‘आरोपीशी नातं’ या रकान्यात ‘मित्र’ लिहिलं की झालं. मात्र कोर्टाच्या दारात पैसे घेऊन उभे राहणाऱ्या भाडोत्री जामीनदारांच्या नादी लागू नका. बनावट कागदांचा वेगळा गुन्हा अंगावर येतो.

जामीनदार दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून नाकारत असतील तर १९७८ चा मोती राम निकाल दाखवायला सांगा. मोती राम गवंडी होता. त्याच्याकडे दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि भाऊ पुढे आला तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून तो नाकारला. सर्वोच्च न्यायालयाने हे चुकीचं ठरवलं. तोवर रोख जामिनाची विनंती करता येते: ठरलेली रक्कम भरून बाहेर या, दिलेल्या मुदतीत जामीनदार हजर करा.

अटी

ठाण्यात ठरावीक वारी हजेरी, पासपोर्ट जमा, फिर्यादीशी संपर्क नको. शेवटची अट शब्दशः पाळा. ‘संपर्क’ म्हणजे फक्त फोन नाही. इन्स्टाग्रामवरचं स्टेटस, दोघांच्या मित्राकडून पाठवलेला निरोप, तिच्या मांजराची चौकशी, सगळं त्यात येतं. आपलं जग लहान असतं. त्याच ग्रुपमध्ये, त्याच प्राइड मोर्चात समोरासमोर आलात तर बाजूला होण्याची जबाबदारी तुमची. सामान आणायचं असेल तर कोर्टाची परवानगी घेऊन, पोलिसांसोबत, एकदाच.

सतत गुगल मॅपचं लोकेशन तपास अधिकाऱ्याला देत राहा, अशी अट घालता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये म्हटलं आहे. तशी अट आली तर ती बदलून घेता येते.

आणि फिर्यादीने हे लक्षात ठेवावं: जामिनाच्या सुनावणीत तुमचंही म्हणणं ऐकलं जावं, हा पीडिताचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये मान्य केला आहे. सरकारी वकिलांना भेटा, भीती कशाची आहे ते तारखांसह लिहून द्या. अट मोडली तर स्क्रीनशॉटसह जामीन रद्द करण्याचा अर्ज करता येतो.

अटकपूर्व, आणि घरच्यांनी केलेली तक्रार

अजामीनपात्र कलमात अटकेची सबळ भीती असेल तर कलम ४८२ खाली सत्र न्यायालयात अटकपूर्व जामीन. जामीनपात्र गुन्ह्यासाठी तो मागायचा नसतो. तिथे त्यावर पैसे घालवू नका.

याची गरज बहुतेकदा वेगळ्याच प्रकरणात लागते. मारहाण जोडीदाराने केलेलीच नसते. मुलगी घर सोडून मैत्रिणीकडे राहायला जाते आणि तिचे आईवडील त्या मैत्रिणीवर पळवून नेल्याची, डांबून ठेवल्याची तक्रार देतात. मुलगी १८ पूर्ण असेल तर तिचं स्वतःचं म्हणणं सगळ्यात मोठं. दोघींनी घर सोडण्याआधीच, स्वखुशीने जात असल्याचं लेखी पत्र वयाच्या पुराव्यासह दोन्हीकडच्या पोलीस ठाण्यांना पाठवावं, पोच ठेवावी. पोलिसांनी हजर केलं तर न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे कलम १८३ चा जबाब मागावा. तो घरच्यांच्या गराड्यात होत नाही. हेबियस कॉर्पस याचिकांमध्ये (डांबून ठेवलेल्या माणसाला कोर्टापुढे हजर करा, अशी मागणी करणाऱ्या) अशा माणसाशी न्यायाधीशांनी एकांतात बोलावं आणि ‘समुपदेशना’ने तिचा कल बदलायला जाऊ नये, अशा मार्गदर्शक सूचना सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये दिल्या आहेत. त्या निकालाची प्रत पिशवीत असू द्या.

मिटवायचं ठरलं तर

साध्या दुखापतीचा गुन्हा, ज्याला मार लागला त्याच्या संमतीने कोर्टात तडजोडीने मिटतो. गंभीर दुखापतीला कोर्टाची परवानगी लागते. हत्याराचं कलम असेल तर उच्च न्यायालयात एफआयआर रद्द करण्याचा अर्ज करावा लागतो. तडजोड लेखी करा आणि त्यात घराची अनामत रक्कम, एकत्र घेतलेलं कर्ज, फ्रिज, मांजर, एकमेकांचे फोटो डिलीट करणं हे सगळं नाव घेऊन लिहा. घटस्फोटाचं कोर्ट तुम्हाला नाही. वाटणीचा कागद झाला तर तो इथेच होईल.